आवाजाचा दिवा

एखादा सिनेमा खरोखरच अस्तित्वात आहे हे सिद्ध करायची पाळी माणसावर सहसा येत नाही. वकीलसाहेबांवर ती आली, आणि आणली ती त्यांच्या स्वतःच्या बायकोने, चारचौघांत, हातात चहाचा ट्रे धरून.

वकीलसाहेब म्हणजे वकील नव्हेत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पूर्वी लोक जागेच्या भांडणाची कागदपत्रं घेऊन त्यांच्या दारात येऊन बसलेले आहेत. झालं होतं असं की कॉलेजात असताना त्यांनी कोर्टाचा एक काळा-पांढरा सिनेमा पाहिला. त्यातला बचावाचा वकील दोन्ही हात पाठीमागे बांधून साक्षीदारासमोर नुसता उभा राहायचा आणि साक्षीदाराला घाम फुटायचा. थिएटरातून बाहेर पडताना साहेबांनी ठरवून टाकलं, आपणही वकील व्हायचं. सिनेमा उतरेपर्यंत ते रोज त्याला जाऊन बसले. पुढे ते वजनमापे खात्यात निरीक्षक झाले. न्यायदेवतेच्या हातातला तराजू नाही, तर निदान दुकानदाराच्या हातातला तपासू, असा समझोता करून त्यांनी अख्खी नोकरी सचोटीने केली आणि निवृत्त झाले. सिनेमा मात्र काही केल्या निवृत्त होईना. लिफ्ट बंद पडली की ते तिथेच हात पाठीमागे बांधून म्हणत, "माननीय न्यायमूर्ती, इथे आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, हेच मला समजेनासं झालं आहे!" दुधात पाणी आढळलं तर दूधवाल्याला, "साक्षीदार, माझ्या डोळ्यांत पाहून उत्तर द्या." दूधवाला बिचारा डोळ्यांत पाही. त्याला वाटे, साहेबांना डोळ्यांचा काही आजार झाला असावा.

त्या दिवशी सोसायटीची कमिटी त्यांच्या घरी चहाला जमली होती. पाण्याच्या पंपावरून वाद पेटला, आणि साहेबांनी न्यायमूर्तींचं ते वाक्य टाकलं. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी खिशातून फोन काढला. हे इंजिनिअर म्हणजे ज्यांना जगातली प्रत्येक वस्तू थोडी चुकीची बसवलेली दिसते असे गृहस्थ. त्यांनी सिनेमाचं नाव विचारलं, नटाचं विचारलं, बराच वेळ बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "असा सिनेमाच नाही."

"नाही कसा? मी पाहिलाय!"

"इथे तरी दिसत नाही."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. साहेबांच्या पत्नींना अख्खी इमारत वहिनीच म्हणायची. वहिनी फार बोलणाऱ्या नव्हेत. घरात बोलण्याचं खातं दुसऱ्याकडे होतं. ट्रे टेबलावर ठेवता ठेवता त्या सहज म्हणाल्या, "मलाही कधीकधी तसंच वाटतं. ह्यांनीच रचला असेल."

लोक इतके हसले की सेक्रेटरींच्या बशीत चहा सांडला. साहेबही हसले, पण त्यांच्या जिव्हारी लागलं. तो सिनेमा पुन्हा कधी कुठे लागलाच नव्हता, त्यामुळे वहिनींनी तो पाहिला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन परगावी गेली, आणि एवढ्या काळात साहेबांची एकच इच्छा तशीच राहून गेली होती: हिने एकदा तो सिनेमा पाहावा आणि म्हणावं, "हो, खरंच." बस्स. दुसरं काही त्यांना नको होतं.

मग त्यांनी शोध सुरू केला. या शोधात त्यांनी किती जणांचं डोकं खाल्लं ते सांगत बसलो तर सिनेमा राहूनच जाईल. शेवटी एका बंद पडलेल्या थिएटरचा म्हातारा ऑपरेटर सापडला. थिएटर गेलं तेव्हा तो एक छोटा प्रोजेक्टर आणि काही डबे घरी घेऊन आला होता. ते डबे त्याने पलंगाखाली ठेवले होते आणि तो स्वतः पलंगावर झोपत होता, म्हणजे राखण आपोआप होत होती. साहेबांनी सिनेमाचं नाव घेतलं. ऑपरेटरने वाकून एक डबा बाहेर ओढला, झाकणावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाला, "हाच ना? शेवटी पिंजऱ्यातली ती बाई बोलते तो?"

साहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. जगात दुसरा साक्षीदार निघाला होता.

"पण मी घरात बिरात दाखवणार नाही," ऑपरेटरने बजावलं. "हॉल पाहिजे. अंधार पाहिजे. आणि मशिनला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

हॉल सोसायटीचा होता, म्हणून साहेब सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी नियमाला इतके पक्के की स्वतःच्या मुलालाही त्यांनी लेखी अर्ज घेऊन हॉल दिला होता. ते म्हणाले, "माझी ना नाही. पण सार्वजनिक खेळ म्हटल्यावर सरकारी परवानगी लागत असेल. ती आणा."

परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सिनेमात काय आहे?"

"कोर्ट आहे."

"कोर्ट आहे? मग कोर्टाची हरकत नाही, असं पत्र लागेल."

साहेब कोर्टात गेले. जन्मात प्रथमच. बाहेर काळे डगले घातलेले खरे वकील भराभर चालले होते, आणि एकाचेही हात पाठीमागे नव्हते. बहुतेकांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या. आतल्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "खटला कोणता?"

"एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा आरोप आहे. पण तिने तो केलेला नाही."

"ते कोर्ट ठरवेल. तुम्ही तिचे कोण?"

"मी... प्रेक्षक."

"मग प्रेक्षकांच्या बाकावर बसा. पुकारा झाला की कळेल."

साहेब बसले. भिडस्त माणूस, बसा म्हटल्यावर उठणार कसा? दुपारपर्यंत त्यांनी भिंतीच्या भांडणाचा एक खटला ऐकला, त्यात कुणीच कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही, आणि मग ते हळूच सटकले. परत परवान्याच्या कचेरीत आले तेव्हा कारकून जेवणाचा डबा आवरत होता. "तिकीट लावणार आहात का?" त्याने आता विचारलं.

"नाही हो. फुकट."

"मग आमची परवानगी लागतच नाही. आधी नाही का सांगायचं?"

खेळ रविवारी दुपारी ठरला, आणि मग इमारत सल्ले घेऊन साहेबांवर तुटून पडली. दुपारी अंधार कुठून आणायचा? घराघरांतून जाड चादरी आणि ब्लँकेटं आली, हॉलच्या खिडक्यांना लागली, आणि इंजिनिअरांनी ती सगळी काढून पुन्हा लावली, कारण ती चुकीच्या बाजूने लावली होती. ब्लँकेटाला चुकीची बाजू कोणती असते हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पडदा म्हणून वहिनींची पांढरी चादर ताणली. ती अगदीच पांढरी नव्हती. एका कोपऱ्यात फिकट फुलं होती, पण साहेब म्हणाले, कोपऱ्यात कोर्टाची भिंत येते, तिला शोभतील. राहता राहिला पंप. पंप रोज दुपारी ठरल्या वेळी सुरू होई आणि तो सुरू झाला की सगळ्या इमारतीतले दिवे डोळे मिचकावत. साहेबांनी सेक्रेटरींना हात जोडले, "एक दिवस थोडा उशिरा लावा."

"पंपाची वेळ सर्वसाधारण सभेने ठरवली आहे," सेक्रेटरी म्हणाले. "बदलायची तर सभा बोलवावी लागेल. तुमच्यासाठी मी काहीही करीन, पण ठराव मोडणार नाही."

रविवारी हॉल भरला. अर्धे लोक सिनेमा बघायला आले होते आणि अर्धे साहेबांची फजिती बघायला. काही दूरदर्शी मंडळी दोन्हींसाठी आली होती. पहिल्या रांगेत मध्यभागी तळमजल्यावरच्या आजी बसल्या. त्यांना ऐकू येत नसे, पण कुठलाही कार्यक्रम त्या चुकवत नसत. वहिनी मागे भिंतीपाशी, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. "पुढे ये ना," साहेब म्हणाले. "इथूनच बरं. मध्येच उठावं लागलं तर?" वहिनी म्हणाल्या, आणि साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

दिवे गेले. मशिन घरघरलं. फुलं असलेल्या चादरीवर एक कोर्ट उभं राहिलं.

सुरुवातीला कुजबुज झाली. कुणीतरी "रंग केव्हा येणार?" असं विचारलं, कुणीतरी खुर्ची सरकवली. मग आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई दिसली आणि कुजबुज आपोआप थांबली. ती काही फार सुंदर नव्हती. नुसती उभी होती. पण खिडकीतून येणारा पांढरा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता आणि उरलेला अर्धा चेहरा काळोखात होता, आणि त्या दोन्हींच्या मधोमध तिचा एक डोळा सगळ्या हॉलकडे बघत होता. रंगीत सिनेमांवर वाढलेली ती इमारत चिडीचूप झाली. साहेबांनी मागे वळून पाहिलं. वहिनी थोड्या पुढे वाकल्या होत्या.

बचावाचा वकील उठला. त्याने हात पाठीमागे बांधले. हॉलमध्ये एक लाट गेली: अरे, हे तर आपले साहेब! असा सिनेमा होता तर! इंजिनिअरांनी फोन खिशातून काढला आणि न बघताच परत ठेवला. साहेबांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा क्षण होता, आणि अशा क्षणी जे होतं तेच झालं. पंप सुरू झाला.

चादरीवरचं कोर्ट एकदा अंधारलं, एकदा झगझगलं आणि पुन्हा सुरळीत झालं. फक्त आवाज गेला. वकील तोंड उघडत होता, मिटत होता. कोर्टात जणू पाणी भरलं होतं.

ऑपरेटरने मशिनमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "आवाजाचा दिवा गेला."

"आवाजाचा दिवा?" इंजिनिअर उसळून उठले. "दिव्याने उजेड पडतो. आवाज कसा पडेल?"

"फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ असते. तिच्यातून दिव्याचा उजेड जातो, त्याचा आवाज होतो. हा पिटुकला दिवा. हा उडाला."

"दुसरा?"

"हाच दुसरा होता."

इंजिनिअरांनी तो जळका दिवा ऑपरेटरच्या हातातून घेतला, उजेडाशी धरला आणि "मी आणतो" म्हणून तडक बाहेर पडले. रविवारी दुपारी ते तो कुठून आणणार होते, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. इकडे खुर्च्या वाजायला लागल्या. कोर्टाच्या सिनेमात बोलण्याशिवाय असतं काय? नुसती ओठांची हालचाल कोण बघणार? लोक उठायला लागले. आजी तेवढ्या बसून होत्या. त्यांच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. उलट उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांनी दटावलं, "बस खाली! इथे कुणाचा जीव टांगणीला लागलाय!"

आणि साहेब उठले. चादरीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधले, आणि चादरीवरच्या वकिलाने तोंड उघडताच त्यांनीही उघडलं. "साक्षीदार, माझ्या डोळ्यांत पाहून उत्तर द्या!"

लोक होते तिथेच बसले. आता काय सांगावं! अक्षर न् अक्षर ओठांवर बसत होतं. वकील ते, सरकारी वकील ते, थरथरणारा शेजारी साक्षीदार ते, आणि पडसं झालेले न्यायमूर्तीही तेच. जे वाक्य लिफ्टपाशी ऐकून ऐकून इमारत कंटाळली होती, ते आता त्या भल्यामोठ्या करड्या चेहऱ्याखाली ऐकताना अंगावर काटा येत होता. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. ठरावाचा माणूस, पण पंपाबद्दल त्यांना आता मनापासून वाईट वाटत होतं. साहेबांचा शर्ट घामाने चिकटला होता, आवाज बसत चालला होता, पण ते थांबले नाहीत. शेवटच्या भाषणाला तर लोक पडद्याकडे बघावं की साहेबांकडे, या गोंधळात पडले. भाषण संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग चादरीवरच्या न्यायमूर्तींनी पिंजऱ्याकडे वळून काही विचारलं. साहेब पडशाच्या आवाजात म्हणाले, "आरोपीला काही सांगायचं आहे?"

बाईचा चेहरा आला. चादरभर फक्त तेवढाच. सिनेमाभर जी नुसती उभी होती तिने डोळे वर केले, आणि तिचे ओठ हलू लागले.

साहेबांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ती काय बोलते हे आपल्याला माहीतच नाही.

एक शब्द नाही. उभ्या जन्मात त्यांनी सगळ्यांची वाक्यं म्हटली होती, पट्टेवाल्याच्या पुकाऱ्यासकट. ही बाई शेवटी बोलते हे त्यांना आठवत होतं. ती बोलत असताना वकील चष्मा काढतो, हेही आठवत होतं. ती बोलते काय, ते कधी पाठ करावं असं त्यांना वाटलंच नव्हतं. ओठ हलत होते. हॉल वाट बघत होता. साहेब हात पाठीमागे बांधून उभेच होते.

"न्यायमूर्तीसाहेब," मागून आवाज आला, "सकाळपासून सगळे माझ्याबद्दल बोलले."

माना वळल्या. दाराजवळच्या खुर्चीपाशी वहिनी उभ्या होत्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, फक्त चादरीकडे, त्या बाईच्या ओठांकडे.

"चांगलं बोलले. माझे वकील तर इतकं सुंदर बोलले की ऐकता ऐकता मी विसरूनच गेले, ती बाई मीच आहे म्हणून." हसू यावं असं वाक्य, पण कुणी हसलं नाही. "त्या संध्याकाळी मी काय करत होते ते मला कुणी विचारलं नाही. मी भांडी घासत होते. घरात माणूस गेला तरी भांडी असतातच. तो तापट होता, हे सगळ्यांनी सांगितलं. तो झोपेत घाबरून उठायचा आणि माझा हात चाचपायचा, हे कुणी सांगितलं नाही. कुणाला ठाऊकच नाही. ते मला एकटीलाच ठाऊक आहे. आता तो गेला. मग हे ठाऊक असलेलं मी ठेवू कुठे?"

चादरीवरच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, अगदी त्याच वेळी.

"मला सोडा, नाहीतर फाशी द्या. फक्त निकाल सांगताना माझ्याकडे बघून सांगा."

ओठ थांबले. वहिनी थांबल्या. बाईने मान खाली घातली. पुढे चादरीवर न्यायमूर्तींनी निकाल वाचला तो कुणी म्हटलाच नाही. साहेबांना तो पाठ होता, एकच शब्द होता, पण ते वहिनींकडेच बघत राहिले. शेवटी आजींनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, "सुटली का गं?"

"सुटली," साहेब म्हणाले.

दिवे लागले. सेक्रेटरी उघडउघड रडत होते. आणि तेवढ्यात धापा टाकत इंजिनिअर आत आले. जुन्या मशिनच्या दुकानवाल्याला त्यांनी झोपेतून उठवलं होतं, भांडण केलं होतं आणि दिवा आणला होता! ऑपरेटरने तो बसवला. मशिनच्या स्पीकरमधून खरखर आली. "बसला," तो म्हणाला. "शेवटचा भाग आवाजासकट पुन्हा लावू का?"

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेब वहिनींकडे. "लावा की," वहिनी म्हणाल्या. "ती खरं काय म्हणते ते मलाही ऐकायचंय."

दिवे पुन्हा गेले. भाषणाचा शेवट आला, मूळ आवाजात, आणि खरं सांगायचं तर साहेबांचा बरा होता. मग न्यायमूर्तींचा प्रश्न आला. बाईचा चेहरा आला. आणि बारीक, गोड, गाण्यासारख्या आवाजात ती बाई बोलू लागली:

"न्यायमूर्ती, मी अबला काय बोलणार? माझ्या थोर वकीलसाहेबांनी सारं काही सांगितलंच आहे. त्यांची वाणी हीच माझी वाणी. जन्मोजन्मी मी त्यांची ऋणी राहीन..."

असं बराच वेळ चाललं होतं. ओठ तेच होते, डोळे तेच, तो अर्धा उजेडातला चेहराही तोच. त्याच्यातून भलतंच कुणीतरी बोलत होतं. मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. साहेब त्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. आपण तो आज प्रथमच बघतोय, हे त्यांना कळलं. किती काय होतं त्या चेहऱ्यात! आणि ज्याने सिनेमा लिहिला त्यालाही ते दिसलं नव्हतं, की त्यानेही नुसता वकीलच पाठ केला होता?

"हरकत आहे!" साहेब ओरडले.

हा मात्र सिनेमातला संवाद नव्हता. ऑपरेटर दचकला.

"आवाज बंद करा," साहेब म्हणाले. "चित्र मागे घ्या. तिथपासून लावा, ती डोळे वर करते तिथपासून. आणि आवाज बंद."

"अहो, आत्ताच तर दिवा आणला!" इंजिनिअर कळवळले.

"बंद करा."

ऑपरेटरने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि बटण फिरवलं. साहेब चादरीच्या बाजूने निघून मागे भिंतीपाशी आले आणि वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

"बोल," ते हळूच म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय! लोक बघतायत. आणि मघाचं मला आता आठवणार आहे का?"

"नाही आठवलं तर दुसरं बोल."

चादरीवर त्या बाईने डोळे वर केले. वहिनी उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी आणखी बरंच सांगितलं, मघाशी राहून गेलेलं. साहेब ऐकत राहिले, आणि मध्ये एक शब्दही बोलले नाहीत.